सर्दी-खोकल्यातल्या मुलाचा मेंदू कसा जपायचा: दिवस मोजत, खुणा पाहत

रात्रीचा दीड वाजला होता. पुतण्या अडीच वर्षांचा. संध्याकाळपासून नाक गळत होतं आणि अंग तापलं होतं. झोपेतच त्याचे डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले आणि मग झटके सुरू झाले. काका स्वयंपाकघरात कांदा फोडायला धावले. आत्या दातखीळ बसेल म्हणून चमचा घेऊन आली. आजी तेवढी जागची हलली नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. झटका थांबल्यावर आम्ही सगळे म्हणालो, "पंधरा मिनिटं तरी चाललं असेल." आजी म्हणाली, "तीन."

रुग्णालयात डॉक्टरांचे पहिले दोन प्रश्न होते: किती मिनिटं, आणि आजारपणाचा कितवा दिवस? पहिल्याचं उत्तर आजीमुळे मिळालं. दुसऱ्यावर घरात तीन मतं निघाली. हा लेख मुख्यतः त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. श्वसनमार्गाच्या संसर्गानंतर मेंदूला, मज्जारज्जूला किंवा नसांना जे त्रास होतात, ते कितव्या दिवशी सुरू झाले यावरून ते कोणते असावेत याचा बराच अंदाज येतो. पहिल्या दिवसाचा झटका वेगळा, पंधराव्या दिवशी जिना चढता न येणं वेगळं, तीन महिन्यांनी अक्षर बिघडणं आणखी वेगळं.

बहुतेक मुलांना सर्दी-खोकल्यातून यातलं काहीही होत नाही. वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणं बालवाडीच्या वयात नेहमीचंच. पण ज्याला होतं, त्याच्या बाबतीत काही तास फार मोलाचे असतात.

नाकातला जंतू मेंदूपर्यंत पोचतो कसा?

खरं तर पुष्कळदा तो पोचतच नाही. लहान मुलाच्या मेंदूला नुसत्या तापानेच झटका येऊ शकतो. कधी जंतूशी लढताना शरीराची प्रतिकारशक्ती इतकी भडकते की त्या आगीत मेंदूला सूज येते. कधी लढाई संपल्यावर तीच प्रतिकारशक्ती आपल्याच नसांना शत्रू समजून बसते, आणि म्हणून आजार बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी त्रास सुरू होतो. जंतू प्रत्यक्ष आत शिरतात ते मेंदूच्या आवरणाचा दाह म्हणजे मेनिंजायटिस झाला, किंवा कानातला वा सायनसमधला पू हाड ओलांडून आत गेला तर. शिवाय न्यूमोनियात ऑक्सिजन कमी पडणं, रक्तातलं सोडियम घसरणं, तान्ह्या बाळाची साखर उतरणं आणि आपणच दिलेलं चुकीचं औषध, यांचाही फटका शेवटी मेंदूलाच बसतो.

पायरी १: पहिल्या दिवशीच फ्रिजवर कागद लावा

वहीचं एक पान पुरे. वर तारीख आणि "दिवस १" लिहा. मुलाचं आजचं वजन लिहा. मागच्या वाढदिवसाचं नव्हे. मग ताप किती, औषध कोणतं, किती मिली, किती वाजता, लघवी किती वेळा झाली, खाणंपिणं कसं आहे. रात्री कोण जागं होतं तेही लिहिलं तर सकाळी "मी दिलं होतं की तू?" हा वाद होत नाही. एकच डोस आई आणि आजी दोघींनी देणं हा आपल्या घरांतला नेहमीचा अपघात आहे.

पॅरासिटामॉलचा हिशोब इथेच करून ठेवा. एका वेळचा डोस वजनाच्या दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तासांचं अंतर, आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस नाहीत. अडचण येते ती बाटलीमुळे. आपल्याकडे हेच औषध तीन वेगळ्या ताकदींत मिळतं. १२ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त १८० मिलिग्रॅम द्यायचं असेल, तर ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे ७.५ मिली लागतात, ५ मिलीत २५० मिलिग्रॅम असलेल्याचे ३.६ मिली, आणि १ मिलीत १०० मिलिग्रॅम असलेल्या थेंबांचे फक्त १.८ मिली. "मागच्या वेळी चमचाभर दिलं होतं" असं म्हणत थेंबांच्या बाटलीतलं चमचाभर दिलं, तर तो डोस जवळपास तिप्पट होतो. कागदावर औषधाच्या नावाबरोबर ताकद लिहायची ती यासाठी.

काय देऊ नये, हेही त्याच कागदावर.

ॲस्पिरिन नको. फ्लू किंवा कांजिण्या झालेल्या मुलाला ॲस्पिरिन दिल्यावर यकृत आणि मेंदू एकदम बिघडण्याचा जो आजार होतो, त्याचं वर्णन ऑस्ट्रेलियातल्या राल्फ डग्लस राय यांनी १९६३ साली केलं. अमेरिकेत १९८० या एका वर्षात असे ५५५ रुग्ण नोंदले गेले. मुलांना ॲस्पिरिन देऊ नका असा जाहीर इशारा दिल्यानंतर, १९८७ पासून तिथला वर्षाचा आकडा ३६ च्या वर गेला नाही. एवढ्या साध्या उपायाने एवढा मोठा आजार आटोक्यात आल्याची उदाहरणं वैद्यकात थोडी आहेत. घरात आजोबांच्या हृदयासाठी ॲस्पिरिन असतं, डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही असतं. मुलाच्या हाती ते लागू देऊ नका. हृदयाच्या किंवा कावासाकी आजारासाठी डॉक्टरांनीच एखाद्या मुलाला ॲस्पिरिन सुरू केलं असेल, तर फ्लूची शंका येताच त्यांना फोन करा.

निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. घरातल्या जुन्या पट्ट्या एकदा तपासून घ्या. पावसाळ्यात डेंग्यूची शंका असेल तर आयबुप्रोफेनही स्वतःच्या मनाने नको.

कापूर हा माझा खास राग. बाळाच्या उशाशी ओवा-कापराची पुरचुंडी, छातीला कापूर घातलेलं तेल, नाकाखाली बाम. मायेनेच करतात सगळं. पण कापूर पोटात गेला तर काही मिनिटांत झटके येऊ शकतात, आणि रांगणारं मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं. तापाच्या मुलाला झटका आला की सगळे तापाला दोष देतात. पुरचुंडी उघडी पडली आहे हे कुणी पाहतच नाही. ओव्याची पुरचुंडी ठेवायचीच असेल तर कापराशिवाय ठेवा.

खोकल्याची सिरप. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेल्या सिरपने वीसहून अधिक मुलं दगावली. त्यातली बरीच उपचारासाठी नागपूरला आणलेली होती. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं लिहून देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा टाळावीत. भेसळ नसलेल्या सिरपचीही एक अडचण आहेच. त्यातल्या गुंगी आणणाऱ्या घटकाने मूल पेंगतं, आणि मेंदूला सूज येत असल्याची पहिली खूणही पेंगणं हीच. मग हे झोपणं औषधाचं की आजाराचं, हे ओळखायचं कसं?

सहा महिन्यांखालच्या बाळाला अंगावरचं दूध पुरतं, वेगळं पाणी नको. मोठ्यांसाठीचे नाक मोकळं करणारे थेंब तान्ह्याच्या नाकात घालू नयेत. त्याने बाळ गुंगीत जाऊ शकतं. मिठाच्या पाण्याचे म्हणजे सलाइनचे थेंब चालतात.

पायरी २: थर्मामीटर ठेवा बाजूला, मूल पाहा

१०४ ताप असलेलं मूल कार्टून बघत असेल तर मला धीर येतो. १०० ताप असलेलं मूल आईकडेही बघत नसेल तर मी रिक्षा बोलावते. पॅरासिटामॉल दिल्यावर तासाभराने, ताप जरा उतरला की, मुलाला मुद्दाम पाच मिनिटं निरखा. ओळखतंय का? आवडीची गोष्ट मागतंय का? नेहमीसारखं चिडतंय का? चिडणं चालेल, कशाचंच काही न वाटणं चालणार नाही.

ताप उतरूनही ग्लानी तशीच राहिली, मूल उठवावं लागलं आणि उठवूनही पुन्हा मिटलं, बरळत राहिलं, नसलेल्या गोष्टी दिसतात म्हणून घाबरलं, मान पुढे वाकवायला तयार नसलं, सारखं उलटतंय, उजेड सोसत नाही, एक डोळा तिरळा झाला किंवा एक हात वापरत नाही, तर सकाळची वाट पाहू नका.

तान्ह्या बाळाची मान ताठ होईलच असं नाही. त्याची टाळू पाहा: बाळ शांत असताना, उभं धरलं असतानाही फुगलेली, ताणलेली असेल तर ती धोक्याची खूण. किंचाळल्यासारखं बारीक रडणं, दूध ओढायचं सोडणं, अंग लुळं पडणं, मध्येच श्वास थांबणं. आरएसव्ही नावाच्या विषाणूत आणि डांग्या खोकल्यात अगदी छोट्या बाळांना खोकला कमीच असतो, श्वास थांबणं हीच खूण असते. दोन-तीन महिन्यांखालच्या बाळाला ताप असेल तर खुणा शोधत बसायचंच नाही, डॉक्टरांकडे जायचं.

श्वास मिनिटभर मोजा, मूल रडत नसताना. दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे.

अंगावर लालसर-जांभळे ठिपके आले असतील तर काचेचा पेला त्यावर दाबा. पेल्याखाली ठिपके पुसट झाले नाहीत तर लगेच निघा. सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत. तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू आणि तोंडातला वरचा टाळा बघायचा.

कानामागे सूज येऊन कान पुढे ढकलला गेला असेल, किंवा सर्दीनंतर कपाळाला वा डोळ्याभोवती सूज आणि जोराची डोकेदुखी असेल, तर तो "सर्दीचाच उरलेला त्रास" नसतो. पू आत सरकत असू शकतो.

पायरी ३: झटका आलाच तर

घड्याळ पाहा. आजीने केलं तेच.

मुलाला जमिनीवर किंवा सपाट गादीवर कुशीवर वळवा, म्हणजे लाळ-उलटी बाहेर येईल. गळ्याजवळचं बटण, स्वेटर सैल करा. आजूबाजूचं टोकदार सामान दूर सारा. इथवर झालं की तुमचं काम जवळजवळ संपलं. तोंडात चमचा, बोट, कापड, पाणी, औषध काहीही नाही. जीभ गिळली जात नसते, पण चमच्याने दात तुटून श्वासनलिकेत जाऊ शकतो. हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा, चप्पल, कांदा नसला तर लसूण, हे हुंगवणं सोडा. ते हुंगवून झटका थांबल्यासारखा वाटतो, कारण बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपणहून थांबतातच. डोक्यावर गार पाणी ओतू नका.

घरात दुसरं कुणी असेल तर त्याला मोबाइलवर वीस सेकंदांचा व्हिडिओ काढायला सांगा. त्या क्षणी हे निर्दय वाटतं. पण झटका दोन्ही बाजूंना होता की एकाच, डोळे कुठे वळले होते, हे डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा त्यात नीट दिसतं.

पाच मिनिटं झाली आणि झटका चालूच आहे, तर १०८. डॉक्टरांनी आधी नाकात मारायचा, झटका थांबवणारा मिडाझोलामचा स्प्रे लिहून दिला असेल तर तो मारायची वेळ हीच. किती फवारे, ते वजनाप्रमाणे बाटलीवर पेनाने लिहून घेतलेलं असू द्या. ओठ निळे पडले, झटका थांबून लगेच दुसरा आला, किंवा मूल सहा महिन्यांहून लहान असेल, तर पाच मिनिटंसुद्धा थांबू नका.

थंडी वाजून कापणं आणि झटका यात घोळ होतो. कापणारं मूल हाक मारली तर बघतं, रडतं, "पांघरूण दे" म्हणतं. झटक्यात ते तिथे नसतंच.

पायरी ४: झटका थांबला, आता?

पहिला झटका असेल तर तो थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचंच. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात झटका येतो. सर्वांगाला, पंधरा मिनिटांच्या आत थांबलेला, २४ तासांत एकदाच आलेला असेल आणि नंतर तासाभरात मूल पूर्ववत झालं असेल, तर तो साधा समजतात. त्याने बुद्धी कमी होत नाही. त्याला फेफरं म्हणायचं नाही, शेजारणीलाही म्हणू द्यायचं नाही. साधारण तिघांतल्या एकाला पुढच्या तापात पुन्हा येतो; पहिला झटका वर्षाच्या आत आला असेल तर ही शक्यता निम्म्यापर्यंत जाते. पुढे खरोखरचा अपस्मार म्हणजे फेफरं होणारी मुलं फार थोडी, शंभरात एक-दोन.

ताप चढूच दिला नाही तर झटका येणार नाही, या समजापायी आई-वडील दर चार तासांनी गजर लावून औषध पाजतात. पॅरासिटामॉलने मुलाला बरं वाटतं, पण झटका टळत नाही. बऱ्याचदा ताप आहे हे कळायच्या आधीच झटका येऊन जातो. काही मुलांना डॉक्टर तापाच्या दोन-तीन दिवसांपुरतं क्लोबाझाम देतात. ते कोणाला द्यायचं हा त्यांचा निर्णय.

साध्या झटक्यानंतर ईईजी आणि एमआरआय यांची सहसा गरज नसते. मात्र झटका लांबला, एकाच बाजूला आला, पुन्हा आला किंवा मूल शुद्धीवर येईना, तर चित्र वेगळं. मूल वर्षाच्या आतलं असून हिब आणि न्यूमोकॉकस या मेनिंजायटिस करणाऱ्या जंतूंच्या लसी राहिल्या असतील, किंवा आधीच अँटिबायोटिक सुरू असेल, तरीही डॉक्टर जास्त सावध होतात, कारण अर्धवट अँटिबायोटिकने मेनिंजायटिस बरा न होता नुसता झाकला जातो.

तेव्हा ते म्हणतील, "पाठीतलं पाणी तपासावं लागेल." आणि इथे कित्येक घरांत सही अडते. "पाण्याने माणूस लुळा पडतो," असं गावात कुणीतरी ऐकलेलं असतं. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो. सुई त्याच्याही खाली घालतात, जिथे फक्त नसांचे धागे पाण्यात तरंगत असतात. काढलेलं थोडंसं पाणी शरीर काही तासांत भरून काढतं. लुळेपणाच्या गोष्टी तयार होतात त्या मुळात गंभीर आजारी असलेल्या मुलांवरून. आजाराने जे झालं त्याचा ठपका सुईवर येतो. सही करायला लावलेला प्रत्येक तास जंतूंना मिळतो. डॉक्टर आधी सीटी स्कॅन करू म्हणाले किंवा तपासणीआधीच अँटिबायोटिक सुरू केलं, तर तेही बरोबर असू शकतं. विचारा, पण अडवू नका.

पायरी ५: कागदावरच्या दिवसांशी खूण जुळवा

*पहिले तीन दिवस.* तापातले झटके बहुतेक पहिल्या २४ तासांतले. फ्लूमुळे मेंदूला येणारी सूजही याच दिवसांतली, आणि म्हणून ती फसवते. या आजारावर जपानमध्ये बरंच काम झालं आहे. मेंदूच्या मध्यभागी दोन्ही बाजूंना सारखी इजा होण्याचा त्यातला एक भयंकर प्रकार मासाशी मिझुगुची यांनी १९९५ मध्ये मांडला. धडधाकट मूल, ताप येऊन दीड दिवस झालेला, आणि अचानक असंबद्ध बोलणं, झटका, बेशुद्धी. तापाच्या भरात थोडं बरळणं अनेक मुलांत होतं आणि जातं. ते ताप उतरूनही राहिलं किंवा त्यामागून ग्लानी आली, तर अतिदक्षता विभाग असलेल्या ठिकाणी न्या. ओसेलटामिविर हे फ्लूचं औषध पहिल्या ४८ तासांत सर्वात जास्त उपयोगी पडतं. महाराष्ट्रात फ्लूचे हंगाम दोन, पावसाळ्यातला आणि हिवाळ्याच्या शेवटाचा.

आणि हे सगळं सर्दीच्याच माथी मारू नका. पावसाच्या सुरुवातीला, खेडेगावात, सर्दी फारशी नसताना अचानक ताप, उलट्या आणि काही तासांत झटके आले तर चांदिपुरा विषाणूची शंका घेतात. हा विषाणू १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदिपुऱ्यात सापडला. तो वाळूमाशी चावल्याने पसरतो, खोकल्याने नाही.

*तिसरा ते सहावा दिवस.* ताप गेला, मूल खेळायला लागलं, आणि सकाळी उठून म्हणतं, "पोटऱ्या दुखतात, चालता येत नाही." टाचा न टेकवता चवड्यांवर चालतं. शाळकरी वयातल्या मुलग्यांत, विशेषतः बी प्रकारच्या फ्लूनंतर, हे दिसतं. घरच्यांना वाटतं पाय गेले. पण पोटऱ्या दाबल्या तर मूल कळवळतं आणि पायांत ताकद असते. हा स्नायूंचा दाह आहे, नसांचा नाही. आठवड्याच्या आत बरा होतो. लघवी चहासारखी काळसर झाली तर मात्र लगेच दाखवायचं.

*एक ते चार आठवडे.* ही प्रतिकारशक्तीच्या घोटाळ्याची वेळ. मूल दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, बाकी शुद्धीत आहे, तर लहान मेंदूचा, म्हणजे तोल सांभाळणाऱ्या मागच्या भागाचा दाह असू शकतो; बहुतेक मुलं काही आठवड्यांत सावरतात, पण गाठ वगैरे नाही ना हे पाहावं लागतं. वागणं बदललं, पेंगतंय, नजर अंधुक झाली आणि एका बाजूची ताकद गेली, तर मेंदू-मज्जारज्जूच्या पांढऱ्या भागाचा दाह; एमआरआयमध्ये दिसतो, स्टेरॉइडची इंजेक्शनं उपयोगी पडतात.

आणि तिसरा, जीबीएस म्हणजे गिया-बारे सिंड्रोम, ज्यात प्रतिकारशक्ती नसांवरच उलटते. हे नाव पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये घराघरात पोचलं, जेव्हा सिंहगड रस्त्याच्या परिसरातून रुग्ण येऊ लागले आणि आकडा दोनशेच्या पुढे गेला. तिथे बोट दाखवलं गेलं ते पाण्याकडे आणि पोटाच्या संसर्गाकडे. पण हाच आजार सर्दी-खोकल्यानंतरही होतो. सुरुवात पायांपासून. जिना चढताना कठड्याला लटकणं, मांडी घालून बसल्यावर हात टेकल्याशिवाय उठता न येणं, चप्पल पायातून निसटणं. लहान मुलं अशक्तपणाऐवजी पाय-पाठ दुखते असंच सांगतात. मग आवाज बारीक होणं, गिळताना ठसका, श्वास तोकडा. आज पायात असलेलं परवा छातीत पोचू शकतं, म्हणून "मालिश करून पाहू" यात एकही दिवस घालवू नका. इथे इम्युनोग्लोब्युलिन (शिरेतून दिली जाणारी प्रतिपिंडं) किंवा रक्तातला प्लाझ्मा बदलणं हे उपचार. स्टेरॉइड इथे उपयोगी नाहीत. तीनही आजारांत घरचे "अशक्तपणा"च म्हणतात, औषधं मात्र वेगळी, हे लक्षात ठेवा.

पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की सरकारी पथक चौदा दिवसांच्या आत, २४ तासांच्या अंतराने शौचाचे दोन नमुने घेतं. मुलाला पोलिओ झाला असा त्याचा अर्थ नाही. पोलिओ परत आलेला नाही ना, याची ती पाळत आहे. नमुने द्या.

घसादुखीनंतर काही आठवड्यांनी पाणी पिताना ते नाकातून येतं, आवाज गेंगाणा होतो, असं झालं तर घटसर्पाची आठवण ठेवा. तो संपलेला नाही, आणि त्याचं विष नसांना धरतं.

*महिने.* सहावीतली मुलगी. अक्षर एकाएकी बिघडलं, पेला हातातून पडतो, तोंड वेडंवाकडं होतं, कारण नसताना रडू येतं. शाळेत शिक्षा होते, घरी "नाटकं" म्हणतात, कुणी देवाचं बघायला सांगतं. घशाच्या स्ट्रेप्टोकॉकस संसर्गानंतर एक ते सहा महिन्यांनी येणारा हा कोरिया, म्हणजे हातापायांच्या नकळत हालचाली होण्याचा आजार, असू शकतो. झोपेत या हालचाली थांबतात. संधिवाताच्या तापाचं हे एक रूप, त्यामुळे हृदयाचा इको करावा लागतो आणि पुढे अनेक वर्षं दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. तेच चुकवलं जातं, आणि झडपा खराब होतात.

दोन-तीन आठवडे हळूहळू वाढणारा बारीक ताप, चिडचिड, सकाळच्या उलट्या, वजन घटणं आणि घरात कुणाला तरी जुना खोकला, हे मेंदूच्या क्षयाचं चित्र. इथे डॉक्टरांनी विचारायच्या आधी तुम्हीच सांगा की आजोबांना टीबीची औषधं चालू आहेत. लाज बाळगून लपवलं तर मुलाचं निदान लांबतं.

*वर्षं.* दुसऱ्या वर्षाच्या आत गोवर झालेलं मूल सात-दहा वर्षांनी अभ्यासात मागे पडू लागतं, मध्येच अंगाला हिसका बसून पडतं. हा एसएसपीई, गोवरानंतर वर्षांनी मेंदूत उठणारा आजार. बरं करणारं औषध नाही. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, तेव्हा बातम्या तिथल्या मृत्यूंच्या होत्या. त्या साथीचं हे उशिराचं देणं फेडायला अजून काही वर्षं आहेत.

पायरी ६: रुग्णालयात जाताना

फ्रिजवरचा कागद, लसीकरणाचं कार्ड, दिलेल्या सगळ्या औषधांच्या बाटल्या, आयुर्वेदिक काढा आणि बामसकट, आणि व्हिडिओ. निघताना फोन करून विचारा: मुलांचा अतिदक्षता विभाग आहे का, व्हेंटिलेटर रिकामा आहे का? रात्री दोन वाजता तिसऱ्या दारावरून परत फिरण्यापेक्षा हा फोन बरा. वाटेत मुलाला काही पाजू नका. इम्युनोग्लोब्युलिन महाग असतं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रुग्णालय बसतं का ते तिथल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा, बिल झाल्यावर नाही.

पायरी ७: कार्ड काढून बघा

आजच, मूल बरं असताना. बीसीजी जन्मतः, मेंदूच्या क्षयापासून लहानग्यांना तीच वाचवते. पेंटाव्हॅलंट दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. त्यात घटसर्प, डांग्या खोकला आणि हिब तिन्ही येतात. न्यूमोकॉकसची लस दीड आणि साडेतीन महिने व नऊ महिने. २०२१ पासून ती देशभर सरकारी केंद्रांवर मोफत मिळू लागली, त्यामुळे थोड्या मोठ्या मुलांची राहून गेलेली असू शकते. गोवर-रुबेला नऊ महिने आणि सोळा ते चोवीस महिने. मग सगळे विसरतात ते पाच-सहा वर्षांचं डीपीटीचं बूस्टर आणि दहा व सोळा वर्षांचं टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस). फ्लूची लस सरकारी यादीत नाही. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती दरवर्षी द्यायला सांगते, पहिल्या वर्षी महिन्याच्या अंतराने दोन डोस. पावसाळ्याआधी घेतलेली बरी.

तापात झटका येऊन गेलेल्या मुलाला लसीचा ताप येईल म्हणून लस टाळायची नाही. आधी डॉक्टरांशी बोला, केंद्रावर नर्सताईंना झटक्याचं सांगा, आणि त्या रात्री मुलाला आपल्याजवळ झोपवा.